पिकाची निगा होते. पिकविणाऱ्याच्या छातीचे काय?

नाशिक जिल्ह्यातील शेतकरी आपल्या पिकाची निगा किती बारकाईने राखतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. निफाड, दिंडोरी, चांदवड या भागांतील द्राक्षबागाईतदार पानाच्या पाठीवरील केवड्याचा पहिला ठिपका सकाळच्या दवातच ओळखतो. लासलगाव-येवल्याकडील कांदा उत्पादक चाळीच्या तोंडाशी उभा राहून, आत सड लागली आहे की नाही, हे नुसत्या वासावरून सांगतो. पण त्याच शेतकऱ्याला, किंवा त्याच्याकडे रोजंदारीवर येणाऱ्या मजुराला, महिनोन् महिने कोरडी ढास लागलेली असते. पूर्वी जो बांध तो एका दमात चढत असे, तेथे आता दोनदा थांबावे लागते. तेव्हा मात्र कोणी म्हणतो, हवा बदलली; कोणी म्हणतो, वय झाले. पिकावरच्या ठिपक्याचे कारण लगेच शोधले जाते. छातीतल्या दुखण्याचे कारण शोधलेच जात नाही.

शेतकऱ्याच्या व शेतमजुराच्या फुप्फुसांची काळजी हा केवळ दवाखान्याचा विषय नसून कृषी विस्ताराचाही विषय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. याचे कारण असे की, फुप्फुसावर कायमचे वण पाडणाऱ्या रोगाची बरीच कारणे खळ्यात, चाळीत, गोठ्यात व बागेत आहेत. डॉक्टरांकडे रोगी पोहोचतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. गावातील कार्यकर्ता मात्र त्या कारणापाशी रोज उभा असतो.

वण म्हणजे काय?

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ३० ते ५० कोटी अतिसूक्ष्म वायुकोश असतात. त्यांची भिंत इतकी पातळ असते की, श्वासातील प्राणवायू तीमधून सहज रक्तात उतरतो. या भिंतीला वारंवार इजा झाली की शरीर ती सांधावयास जाते. हातावर खोल जखम झाल्यास मूळ कातडीऐवजी जाड, ताठर वण उरतो. तसाच प्रकार येथे घडतो. पातळ भिंतीच्या जागी जाड तंतू येतात, फुप्फुस स्पंजासारखे न राहता घट्ट होते, आणि श्वास घेतला तरी प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचत नाही. डॉक्टर यास फायब्रोसिस म्हणतात.

हा रोग म्हणजे दमा नव्हे. दम्यात नळ्या आकसतात व औषधाने पुन्हा मोकळ्या होतात. हा क्षयही नव्हे, जरी क्षय बरा झाल्यावर फुप्फुसात वण उरू शकतात. पडलेला वण पुसून टाकणारे औषध आजही उपलब्ध नाही. पिरफेनिडोन व निंटेडॅनिब ही औषधे गेल्या काही वर्षांत आली. ती वण पसरण्याची गती मंदावतात. गेलेले फुप्फुस परत आणीत नाहीत. ज्या प्रकारात कोणतेही कारण सापडत नाही, त्यात निदानानंतर अनेक रोगी उपचाराविना तीन ते पाच वर्षांपलीकडे जात नाहीत. म्हणूनच येथे प्रतिबंधास जेवढे महत्त्व आहे, तेवढे थोड्याच रोगांत असेल.

धोका कोणास अधिक?

या रोगाची काही कारणे आपल्या हाती नाहीत. साठीच्या पुढचे वय, घराण्यात हा रोग असणे, आमवातासारखे सांध्यांचे जुनाट विकार, छातीवर घेतलेले किरणोपचार व काही औषधे यांनी धोका वाढतो. जुनाट आम्लपित्ताचाही या रोगाशी संबंध आढळतो. काही कारणे मात्र सर्वस्वी आपल्या हातची आहेत. त्यांतील पहिले विडी-सिगारेट होय. आपल्या जिल्ह्यातील सिन्नर हे विडीच्या धंद्याचे जुने ठिकाण. शेतात दोन ओळींच्या मध्ये बसून विडी ओढणे ही अनेकांची विश्रांती. पण धुराने आधीच दुखावलेल्या वायुकोशांवर पुढे धूळ व औषध पडले की इजेवर इजा होते. चुलीच्या धुराची गोष्टही अशीच आहे. पेठ-सुरगाण्याकडील बंद झोपडीत वर्षानुवर्षे ओल्या सरपणावर स्वयंपाक करणाऱ्या बहिणींची फुप्फुसे, त्यांनी विडीला कधी हात न लावताही, काळवंडतात. २०१६ सालापासून उज्ज्वला योजनेने गॅस बऱ्याच घरांत पोहोचला. पण शेगडी कोपऱ्यात आणि चूल पेटलेली, असे दृश्य अजून पुष्कळ ठिकाणी दिसते.

तिसरे कारण म्हणजे धंदा. छातीच्या रोगांच्या तज्ज्ञांच्या अमेरिकन व युरोपीय संस्थांनी २०१९ साली संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. कारण अज्ञात म्हणून गणल्या जाणाऱ्या फुप्फुस-वणाच्या रोगापैकी सुमारे २६ टक्के भार कामाच्या जागेवरील धूळ, वायू, वाफ व धूर यांना लावता येतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे दर चार रोग्यांमागे एकाच्या दुखण्यात त्याच्या कामाचा हात आहे. शेतीकाम हे अशा कामांपैकी एक आहे, आणि त्यातही बुरशीची धूळ सर्वांत जुनी.

बुरशीची धूळ

धान्य चाळणाऱ्या व मोजणाऱ्या लोकांना खोकला व धाप लागते, हे इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवले होते. १९३२ साली इंग्लंडमधील कॅम्पबेल या डॉक्टरांनी, पावसाळी हंगामात साठविलेले बुरशीचे गवत हाताळणाऱ्या शेतमजुरांच्या दुखण्याचे वर्णन केले. पुढे या रोगाला 'शेतकऱ्याचे फुप्फुस' हेच नाव पडले. १९६३ साली लंडनचे पेपिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागील मूळ कारण दाखवून दिले. ओले गवत गंजीत तापते. त्या उष्णतेत विशिष्ट सूक्ष्मजंतू माजतात. त्यांची बीजे सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढी बारीक असल्याने नाकात न अडकता थेट वायुकोशात उतरतात. काही लोकांचे शरीर त्यांचा अतिरेकी प्रतिकार करते, व त्या झटापटीत फुप्फुसाचीच भिंत जखमी होते.

इगतपुरी-त्र्यंबकेश्वराकडे भाताचा ओला पेंढा रचला जातो, परतीच्या पावसात भिजलेले सोयाबीन व मका मळणी यंत्रात घातले जातात, हवा शिरलेल्या मुरघासाच्या पिशवीचे तोंड उघडले जाते. या प्रत्येक वेळी अशीच पांढुरकी किंवा काळसर धूळ उठते. कांद्याच्या चाळीचेही तसेच आहे. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो व भाव पाहून ऑक्टोबरपर्यंत निघतो. दमट हवेत त्यावर काळी बुरशी चढते. मग प्रतवारीसाठी दहा-बारा बाया तोंडाला पदर लावून दिवसभर चाळीत बसतात. सोललेल्या पापुद्र्यांबरोबर ती काळी भुकटी त्यांच्या श्वासात जाते. जी बुरशी कांदा खाते, ती फुप्फुसाला हितकर असेल, असे मानण्यास काहीच आधार नाही.

उसाचा वाळलेला चोथा साठवून तो कुजल्यावर हाताळणाऱ्यांत होणारा असाच रोग १९४१ साली अमेरिकेतील लुईझियाना प्रांतात नोंदला गेला. कोंबड्यांच्या व कबुतरांच्या विष्ठेची व पिसांची धूळही हेच करते. ज्यांच्या अंगणात कुक्कुटपालनाची शेड आहे, किंवा जे वाळलेले कोंबडीखत फावड्याने बागेत पसरतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. मुंबईतील कबुतरखान्यांचा प्रश्न २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यामागे हाच आरोग्याचा मुद्दा होता. शहरातल्या कबुतरांची चर्चा सर्व वर्तमानपत्रांतून झाली. शेडमधील कोंबड्यांच्या धुळीची चर्चा मात्र गावाच्या चावडीवरही झाली नाही.

आणखी एक कारण आपल्या घरात शिरले आहे. भारतातील १९ शहरांमधील २७ केंद्रांनी २०१२ ते २०१५ या काळात अशा रोगांच्या १,०८४ रुग्णांची नोंद केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत निम्म्यास थोडे कमी, म्हणजे ४७.३ टक्के रुग्ण, श्वासावाटे गेलेल्या सेंद्रिय धुळीच्या अतिप्रतिकाराने आजारी पडलेले होते. आणि त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांचा संबंध पाण्याच्या एअर कूलरशी आला होता. मालेगाव-येवल्याच्या उन्हाळ्यात कूलर ही चैन राहिलेली नाही. पण गेल्या वर्षीचे गवताचे पॅड तसेच ठेवून, टाकीतील शेवाळलेल्या पाण्यावर कूलर सुरू केला, की तो रात्रभर बुरशीच घरभर पसरवीत असतो.

बागेतील फवारा

आता द्राक्षबागेकडे वळू. मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण आपल्या बागाईतदारांस सुपरिचित आहे. फ्रान्समधील बोर्डो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर असे निळसर मिश्रण शिंपडीत असत. त्या वेलींवर केवडा नाही, हे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या ध्यानी आले, व १८८५ साली त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. द्राक्षशेतीवर त्याचे मोठे उपकार आहेत. पण याच मिश्रणाची दुसरी बाजू १९६९ साली पोर्तुगालमधील पिमेंतेल व मार्केस या डॉक्टरांनी उजेडात आणली. बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या द्राक्षमजुरांच्या फुप्फुसांत त्यांना गाठी व वण आढळले, आणि त्या गाठींत तांबे सापडले. त्यांनी या रोगास 'द्राक्ष फवारणाऱ्याचे फुप्फुस' असे नाव दिले.

म्हणून बोर्डो मिश्रण वापरूच नये, असे आम्ही म्हणत नाही. ते वेलीसाठी तयार केलेले आहे, फुप्फुसासाठी नाही, एवढेच म्हणणे आहे. पोर्तुगालमधील तो मजूर पाठीवरच्या पंपाने फवारीत होता. आपल्याकडे आज ट्रॅक्टरवरचा ब्लोअर आहे. त्याच्या पंख्याने औषधाचे धुके होते. त्यातील मोठे थेंब पानावर बसतात, पण अतिबारीक भाग हवेत तरंगत राहतो व वारा फिरला की उघड्या आसनावर बसलेल्या चालकाच्याच तोंडावर येतो. गंधकाच्या भुकटीने डोळे व घसा चुरचुरतात, म्हणून माणूस तोंड फिरवितो. सर्वांत बारीक कण मात्र काहीच जाणवू न देता आत जातात, आणि म्हणूनच त्यांच्यापासून सावध राहणे कठीण पडते.

पॅराक्वाट या तणनाशकाबद्दल वेगळी सूचना देणे अवश्य आहे. ते पोटात गेल्यास फुप्फुसांत साठते व काही दिवसांत फुप्फुसे घट्ट करून टाकते. त्यावर खात्रीचा उतारा नाही. ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये, आणि मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये.

कामाच्या ओघात घडणाऱ्या दोन गोष्टी येथेच नोंदवू. शेडवरचे अॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे कोरडे कापले वा फोडले असता उडणारे तंतू, आणि शेतीच्या हंगामाबाहेर ओतकामाच्या कारखान्यांत वाळूशी काम करणाऱ्या गावकऱ्यांच्या श्वासात जाणारी गारेची धूळ, हीही फुप्फुसात कायमचे वण पाडतात.

मोजमाप कोणाचे?

२०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले व निर्यातीस जबर तडाखा बसला. त्यातून आपण धडा घेतला. निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, प्रत्येक फवारणीची तारीख व मात्रा लिहिली जाते, काढणीपूर्वी किती दिवस औषध बंद ठेवावे हे पाळले जाते, मण्यांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने या कामी मोलाची मदत केली आहे. किलोमागे मिलिग्रॅमच्या शतांशापर्यंतचा अंश आपण मोजू लागलो. ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण जे औषध मण्यावर इतक्या सूक्ष्म प्रमाणात आपण चालवून घेत नाही, तेच हंगामभर दिवसाआड श्वासावाटे घेणाऱ्या मनुष्याची नोंद त्या वहीत कोठे आहे? ग्राहक हजारो कोस दूर आहे, तरी त्याच्या आरोग्याची चिंता आपण वहीत लिहून करतो. फवारणारा बांधावरच उभा आहे. ग्राहकाच्या मागे बाजारपेठ आहे, फवारणाऱ्याच्या मागे कोणी नाही, हेच याचे खरे कारण दिसते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा चौकशी झाली, संरक्षक पोशाखांची चर्चा झाली. ते होणे योग्यच होते. परंतु वण पाडणारा रोग असा एका आठवड्यात माणसे नेत नाही. तो दहा-वीस वर्षे घेतो, एकेकाला घरच्या खाटेवर निजवितो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'धाप' एवढेच उरते. झटपट आलेल्या मरणाची चौकशी होते, सावकाश येणाऱ्या मरणाची होत नाही. पण दोन्ही घरांतील कर्ता माणूस सारखाच जातो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील १९७१ च्या नियमांत संरक्षक कपडे व श्वसनाची साधने यांची तरतूद आहे. तरतूद कागदावरून बागेत आणणे हे काम राहिले आहे.

काही आक्षेप

'आमच्या आजोबांनी जन्म धुळीत काढला, त्यांना काय झाले?' असे अनेकजण विचारतात. आजोबांनी उघड्या खळ्यावर, वारा पाहून, सुपाने उपणणी केली. त्यांच्याजवळ ब्लोअर नव्हता, बंद शेड नव्हती, ताशी कित्येक पोती मळणारे यंत्र नव्हते. शिवाय त्यांच्यापैकी किती जण 'दम्याने' गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

दुसरा आक्षेप असा की, एकाच चाळीत काम करणाऱ्या दहा जणांपैकी नवांना काही होत नाही. ते खरे आहे. शरीराचा धर्म प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि याच कारणाने ज्याला होते त्याला कोणी खरे मानीत नाही. पण दहावा कोण, हे आधी ओळखता येत नाही. म्हणून दहांचीही काळजी घ्यावी लागते.

'मास्क लावला की गुदमरते, काम होत नाही', हा तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. एप्रिलच्या उन्हात नाक-तोंड बांधून काम करणे खरोखरच कठीण आहे. म्हणूनच मास्क हा शेवटचा उपाय समजावा. पहिला उपाय धूळच उठू न देणे हा होय. कांदा शेतात पातीसकट चांगला सुकवावा, मान दोन-तीन सेंटीमीटर राखून पात कापावी, चाळीच्या तळातून व बाजूंनी हवा खेळती ठेवावी. म्हणजे बुरशी कमी, सड कमी व धूळही कमी. चारा २० टक्क्यांहून कमी ओलाव्यावर रचावा. बुरशीचा पेंढा झटकण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडावे. मुरघासाचा बुरशी धरलेला वरचा थर न झटकता उचलून टाकावा. कोंबडीखत किंचित ओले करून पसरावे. प्रतवारी चाळीच्या आत न करता बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून करावी. फवारणी सकाळी वा सायंकाळी, वारा मंद असताना करावी. तेव्हा मास्कही सोसवतो. यांतील बहुतेक गोष्टींस पैसा लागत नाही. उलट त्यांनी मालाची नासाडी टळते. हिशेब व आरोग्य येथे एकाच बाजूस आहेत.

मास्कविषयी एक गोष्ट स्पष्ट असावी. उपरणे, पदर किंवा रुमाल यांनी मोठी माती अडते; एक मायक्रॉनचे बीज अडत नाही. धुळीसाठी आय.एस. ९४७३ या भारतीय मानकाचा किंवा एन-९५ प्रतीचा, चेहऱ्यास घट्ट बसणारा मास्क हवा; दाढी वाढलेली असल्यास तो नीट बसत नाही. औषधाच्या वाफेस तोही पुरत नाही. तेथे कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो. आणि या साधनांचा खर्च बागेच्या मालकाने करावा, मजुराने नव्हे. औषधाचा, डिझेलचा व मजुरीचा खर्च ज्या खात्यावर पडतो, त्याच खात्यावर हाही पडला पाहिजे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

रोग लवकर ओळखण्याची किल्ली कार्यकर्त्याच्या हाती आहे, आणि ती किल्ली म्हणजे प्रश्न. बुरशीच्या धुळीत काम केल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप येणे, कोरडी ढास लागणे, छाती आवळल्यासारखी वाटणे आणि एक-दोन दिवसांत आपोआप उतरणे, ही या रोगाची आरंभीची खूण होय. सकाळी चाळीत काम, संध्याकाळी कणकण. म्हणून लोक त्यास हिवताप समजतात. तोच माणूस चार दिवस पाहुण्यांकडे गेला की बरा होतो व कामावर परतला की पुन्हा आजारी पडतो, असे आढळल्यास शंका पक्की धरावी. या टप्प्यावर धुळीचा संबंध तोडला व योग्य उपचार झाले, तर फुप्फुस पुष्कळदा पूर्ववत होऊ शकते. हीच संधी वर्षभर दवडली की वण पडतात, बोटांची टोके फुगतात, नखे पुढे वाकतात आणि मागे फिरण्याचा मार्ग बंद होतो.

पुष्कळदा अशा रोग्यास क्षय समजून औषधे दिली जातात. क्षयाची शंका आल्यास तपासणी झालीच पाहिजे. त्यात कुचराई नको. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि खोकला व धाप कायम राहिली, तर आशा सेविकेने किंवा कृषी कार्यकर्त्याने चार प्रश्न विचारावेत. कोणत्या चाळीत वा गोठ्यात काम असते? घरी किंवा शेजारी कोंबड्या-कबुतरे आहेत काय? कूलरचे पॅड शेवटी केव्हा बदलले? फवारणी किती वर्षे व कशाने केली? या चार उत्तरांचा कागद रोग्याच्या हाती देऊन त्यास जिल्हा रुग्णालयात पाठवावे. तेथे श्वासाची क्षमता मोजता येते व गरज पडल्यास छातीचा सूक्ष्म सी.टी. स्कॅन काढण्याचा मार्ग कळतो. डॉक्टरांस एवढी माहिती आयती मिळाली, तर निदानाचे कित्येक महिने वाचतील.

याशिवाय दोन सूचना आम्ही आग्रहाने मांडतो. पहिली अशी की, फवारणीच्या नोंदवहीत आणखी तीन रकाने घालावेत: फवारणी कोणी केली, कोणते संरक्षण वापरले, नंतर काही त्रास झाला काय. वही आजही भरली जातेच. तीन रकान्यांनी तिचे ओझे वाढणार नाही, आणि पाच वर्षांनी तीच वही अमोल ठरेल. दुसरी सूचना अशी की, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ सालापासून नाशकातच आहे, आणि द्राक्षांचे संशोधन केंद्र पुण्याजवळ आहे. या दोन संस्थांनी मिळून, दहा वर्षांहून अधिक काळ फवारणी किंवा चाळीतील प्रतवारी करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या श्वासक्षमतेची पाहणी हाती घ्यावी. पोर्तुगालच्या द्राक्षमजुराविषयी जे १९६९ साली विचारले गेले, ते नाशिकच्या मजुराविषयी विचारण्यास याहून योग्य जागा नाही.

बंधू-भगिनींनो, रोग पडल्यावर औषध मारणे आणि रोग येऊ नये म्हणून आधी काळजी घेणे, यांतील फरक तुम्हांस कोणी शिकवावयास नको. केवडा पानाआड दिसू लागला की निम्मे पीक गेले, हे बागाईतदार जाणतोच. फुप्फुसाचेही तसेच आहे. भेद इतकाच की, बाग पुढच्या छाटणीनंतर पुन्हा फुटते. येत्या हंगामात चाळ उघडण्यापूर्वी आणि ब्लोअर सुरू करण्यापूर्वी, आपल्या व आपल्या मजुरांच्या श्वासाची तजवीज आधी करावी, आणि ज्यांच्या घरी ढास लागलेला माणूस आहे, त्यांनी त्याला याच आठवड्यात तपासणीस न्यावे.